मूळ यादी

पडद्यावर पाच आकडे होते आणि त्यातला पाचवा तिथे असायचं काही कारण नव्हतं. पाचवा मी टाकला होता तो पहिल्या यादीत. दुसरी यादी मी हात न लावता बाजूला ठेवली होती, चार आकड्यांची, आणि आता तीही पाच आकड्यांची होऊन माझ्याकडे बघत होती. जेवणानंतरचा तास, खिडक्यांना निळे पडदे, तीस मशीनच्या पंख्यांची एकसुरी घरघर, आणि शेवटच्या रांगेतली ती मुलगी, जिला शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे प्रश्नपत्रिका म्हणतो, अजून उभीच. तिनेच म्हटलं होतं, "सर, नेहमी एकेक आकडा घेता, आज यादी घेऊन दाखवा ना." मी दाखवली. "तुम्ही म्हणालात दुसऱ्या डब्यात वेगळी प्रत जाते," ती म्हणाली, "मग पहिल्यात टाकलेलं दुसऱ्यात कसं गेलं?" तिच्या आवाजात खवचटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. खवचट पोरांना गप्प बसवणं हा माझ्या हातचा मळ आहे. खरंच जाणून घ्यायचं असलेल्या माणसापुढे मात्र मला काही सुचत नाही.

मी मूळचा गणिताचा माणूस. चार वर्षांपूर्वी गणिताचे तास निम्मे झाले आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून विचारलं, "सर, पायथन घ्याल का?" पायथन ही संगणकाची एक भाषा, पण विचारणं चहा घ्याल का म्हणावं तसं. न घेऊन सांगतो कुणाला, माझी नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. सुट्टीत एक जाड पुस्तक आणलं, पहिली सहा प्रकरणं घोकून पाठ केली आणि शाळा उघडली. सातव्या प्रकरणात काय आहे ते मी आजतागायत उघडून पाहिलेलं नाही. शिकवण्यात मात्र मी कुणाला हार जाणार नव्हतो. व्हेरिएबल म्हणजे काय, तर डबा. घरून ताईचे दोन पत्र्याचे डबे नेले, एकावर साखर लिहिलेलं, एकावर चहा. (ताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच राहतो. माझं लग्न राहून गेलं, तिचं तिने राहू दिलं. "ते डबे शाळेत नोकरीला लागले की काय?" असं ती महिन्यातून एकदा विचारते.) पहिल्या डब्यात पाच टाका. दुसरा डबा बरोबर पहिला डबा, असं लिहा. आता पहिल्यात सहा टाका. दुसऱ्यात किती? सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, पाच. मशीनही सांगतं, पाच. चार वर्षं हे असंच चाललं, आणि सुट्या आकड्यांनी मला कधी दगा दिला नाही.

प्रश्नपत्रिकेला मी काय सांगितलं ते लिहायला लाज वाटते. "मशीन अडकलंय," मी म्हणालो, आणि वाकून बटण दाबून ते बंदच केलं. पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "सर, त्याला पण जेवणानंतर झोप येते," आणि मीही हसलो. काळ्या पडद्यात माझा चेहरा दिसत होता, आणि मागे ती अजून उभी होती. मग बसली, वहीत काहीतरी लिहिलं. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत मिनिटभर गेलं असेल. तेवढ्या वेळात मला कळून चुकलं. नाव म्हणजे डबा नव्हेच. नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. एकाच डब्यावर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या म्हणून डबे दोन होत नाहीत. कुठल्याही चिठ्ठीने हाक मारा, तोच डबा समोर येतो. किती साधी गोष्ट. पन्नाशीला आलेला माणूस, आयुष्यभर पोरांना काटेकोरपणा शिकवलेला, आणि ही गोष्ट मला एका मुलीने भर वर्गात दाखवावी लागली. एवढ्यावर भागलं असतं तर मी संध्याकाळी ताईला सांगून दोघं पोट धरून हसलो असतो. पण पडदा उजळला आणि मला एक जुनी ओळ आठवली. माझीच. डावीकडे 'मूळ', उजवीकडे 'गुण', मधे बरोबरचं चिन्ह.

तास संपेपर्यंत मी काय शिकवलं कोण जाणे. लूप असावं. ओळीच्या आधी चार जागा सोडल्या की ती ओळ लूपच्या आत, नाही सोडल्या की बाहेर, हे मी फळ्यावर लिहिलं एवढं आठवतं, कारण खडू तिथेच थांबला होता. आत असलेली ओळ पुन्हा पुन्हा चालते, बाहेरची एकदाच. पोरं विचारतात, सर, नुसत्या मोकळ्या जागेने एवढा फरक पडतो? पडतो बाबांनो. गेल्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सैल हाताचे निघाले. पन्नासपैकी सगळ्यांना भरभरून गुण. शाळेच्या परीक्षा समितीने ठरवलं, या तुकडीचे सरसकट दहा कापा. काम माझ्याकडे आलं. मी परीक्षकांच्या कागदावरून अडतीस जणांचे गुण मशीनवर चढवले, आणि कापण्याआधी, शहाणा माणूस ना मी, एक प्रत बाजूला काढून ठेवली. मूळ बरोबर गुण. मग लूप लावून एकेकाचे दहा कमी केले. चार दिवसांनी समितीने निर्णय फिरवला, कापलेले परत द्या म्हणाली. मला आनंद झाला. मी 'मूळ' काढली, छापली, सही करून फलकावर लावली. बाकी सगळे तिशीच्या पुढे होते, दहा गेले तरी कुणाला पत्ता लागला नाही, कारण आधीचे गुण कुणी पाहिलेच नव्हते. फक्त नऊ नंबर नापास झाली. वीसला पास, तिला सोळा.

ती आली तेव्हा आई बरोबर होती. आईने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, दवाखान्यात बसावं तशी. नऊ नंबर ही गप्प मुलगी, वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल. "सर, माझे कापलेले परत आलेले नाहीत," ती म्हणाली. "परीक्षकांनी मला सांगितलं होतं, सव्वीस आहेत." मी रागावलो नाही. रागावलो असतो तर आज मला स्वतःला माफ करायला काहीतरी जागा राहिली असती. मी अगदी मायेने वागलो. दोघींना खुर्च्या दिल्या, मशीन त्यांच्याकडे वळवलं, दोन्ही याद्या उघडल्या. ही मूळ, हे गुण. नऊ नंबर इथे सोळा, तिथेही सोळा. "आता आपण मशीनलाच विचारू," मी म्हणालो, आणि दोन याद्या सारख्या आहेत का असं टाइप केलं. मशीनने लिहिलं, ट्रू. मी त्याचा अर्थही समजावून सांगितला. "बघ, माणूस चुकतो, मशीनचं कुणाशी वाकडं नसतं." मी एक यादी तिच्याशीच ताडून बघत होतो, आणि ती स्वतःसारखीच निघाली म्हणून खूश होत होतो. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. "पण त्यांनी सव्वीस सांगितलं होतं," ती पुन्हा म्हणाली. तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "सर दाखवतायत ना डोळ्यांसमोर. मग तसंच असेल. चल, सरांना उगाच त्रास." तक्रारींची नोंदवही असते, तीत मी लिहिलं, समक्ष पडताळणी केली, तक्रारीत तथ्य नाही. खाली तिची सही हवी होती. काय लिहू, तिने विचारलं. मीच शब्द सांगितले, 'समाधान झाले.' तिने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. पुढच्या शिक्षणासाठी तिची जागा ठरलेली होती, ती हातची गेली, आणि घरच्यांनी आता शिकणं बास म्हणून टाकलं, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. मी अरेरे म्हणालो होतो. अगदी मनापासून म्हणालो होतो, हे त्यातलं सर्वांत वाईट.

घंटा झाल्यावर मी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. मनात एक नीच आशा होती की परीक्षकांचा कागद सापडणारच नाही. कागदच नसेल तर माणूस काय करणार, हळहळणार, एवढंच. वरचे दोन कप्पे उपसले, हाताला धूळ लागली, एक मेलेलं झुरळ निघालं, तुटक्या माउसांची टोपली निघाली, आणि हळूहळू मला बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात तो सापडला. निळी शाई. परीक्षकांना गुण अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहावे लागतात, पुढे कुणी खाडाखोड करू नये म्हणून. अनुक्रमांक नऊ. २६. सव्वीस. सव्वीसमधला 'व्वी' त्यांनी इतका काळजीने काढला होता की मी तो बोटाने चाचपून पाहिला. मग मी त्या कपाटापुढे जमिनीवरच बसलो. खोलीला एकच दार आहे, खिडक्यांना चोरांच्या भीतीने जाळ्या ठोकलेल्या. चार वर्षं मी या खोलीत वावरतोय आणि तिच्यात हवा इतकी कमी आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मला दार उघडून बाहेर जाता येत होतं. उठवत नव्हतं.

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून एकदा आणि घालून एकदा. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. त्यांनी नोंदवही मागवली, माझी ओळ वाचली, खालची तिची ओळ वाचली. "सर, हिने समाधान झाल्याचं लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "बंद झालेली तक्रार आपल्याला आपल्या मनाने उघडता येत नाही. नियम आहे तसा."

"पण चूक माझी आहे, बाई. मी लिहून देतो."

"तुम्ही काय लिहून देणार? प्रोग्रॅम चुकला? वर्षानंतर? वरचे विचारतील, पुरावा म्हणून आणलेला कागद वर्षभर तुमच्याच कपाटात होता, तो आजच कसा सापडला. तुमची नेमणूक जाईल आणि तिचा निकाल आहे तिथेच राहील." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तिनेच अर्ज दिला तर गोष्ट वेगळी. माझ्याकडून दडपणाखाली सही घेतली, मला शब्द सांगून लिहून घेतलं, असा. मग चौकशी लागेल, हा कागद तीत जाईल, आणि अडतीसच्या अडतीस जणांचे गुण दुरुस्त होतील."

"म्हणजे तिने माझ्याविरुद्ध लिहायचं."

"आणि तुम्ही कबूल करायचं." बाईंनी नोंदवही मिटली. "जबरदस्ती नाही हं, सर. कुणी विचारायला आलेलं नाही. मी आज काही पाहिलं नाही असंही होऊ शकतं." हे त्या माझ्या भल्यासाठी म्हणाल्या, आणि मला ते हवंहवंसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली सगळ्या शिक्षकांचा एक फोटो आहे, त्यात मी दुसऱ्या रांगेत, हसतोय. तो माणूस नऊ नंबरला मायेने खुर्ची देणारा. मला त्याचं तोंड बघवेना. मी कागद खिशात घातला.

नऊ नंबर कुठे काम करते हे मला ठाऊक होतं. ताईनेच सांगितलं होतं, दोन महिन्यांपूर्वी नवा चष्मा करून आली तेव्हा. "तुझी एक विद्यार्थिनी आहे रे त्या दुकानात. मला खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला लावली, आणि चुकले तर काही बोलली नाही. तुझ्यापेक्षा बरी शिक्षिका आहे." तेव्हापासून मी त्या रस्त्याने जाणं टाळत होतो, आणि का टाळतो हे स्वतःला विचारणंही. म्हणजे आत कुठेतरी मला आधीपासून माहीत होतं की काय? ट्रू असं मशीनने लिहिलं तेव्हा तिचं तोंड मी पाहिलं होतं. खोटं बोलणाऱ्या मुली पंचवीस वर्षांत पुष्कळ पाहिल्या. त्यांची नजर खाली जाते किंवा फार वर येते. हिची पडद्यावरच होती, सोळा या आकड्यावर, कुणीतरी आपली वस्तू उचलून नेतंय आणि आपण बघत राहावं तशी. मी ते पाहिलं, आणि मशीनचं खरं मानलं, कारण मशीनचं ऐकण्यात मला जेवायला वेळेवर घरी जाता येत होतं. रस्त्यावर दिवे लागत होते. दुकानं, दुकानं, बसच्या थांब्यावर माणसं, एक बाई पोराचं नाक पुसतेय. प्रत्येक चौकात मला उजवीकडे वळून घरी जाता आलं असतं. मी सरळ चालत राहिलो, पण यात धैर्याचा भाग नव्हता. घरी जाऊन ताईसमोर बसण्याची मला जास्त भीती वाटत होती.

दुकानाचा मालक पुढे फोनवर होता. नऊ नंबरने मला पाहिलं, ओळखलं, आणि "बसा, सर," एवढंच म्हणाली. मी बसलो. तिने माझा चष्मा काढून घेतला, नाकावर डोळे तपासायची ती जड चौकट आली, एका डोळ्यावर काळी चकती. समोर भिंतीवर उजळलेली अक्षरं. एका वर्षात ती मोठी झाली होती, हात सफाईने चालत होते. "वरची ओळ वाचा." मी वाचली. आणि मग, मान हलवायची सोय नव्हती म्हणून भिंतीकडे बघतच, मी तिला सगळं सांगितलं. मूळ, गुण, बरोबरचं चिन्ह, एकच यादी, दोन नावं, कपाटातला कागद. आवाज चढू नये म्हणून मी फार हळू बोलत होतो. ती काचा बदलत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तेच. मी त्याच आठवड्यात काकांकडच्या मशीनवर तुमच्या दोन ओळी टाइप करून पाहिल्या. पडद्यावर तुम्ही दाखवल्या होत्या ना, लक्षात होत्या. एक बदलली की दुसरी बदलते." तिने काच फिरवली. "मी आले होते शाळेत तुम्हाला सांगायला. तुमचा तास चालू होता. दारापाशी थांबले. तुम्ही दोन डबे हातात धरून तेच शिकवत होतात, आणि सगळे लिहून घेत होते. मग मी परत गेले."

"आत का नाही आलीस?"

"कोण ऐकणार होतं, सर? आई म्हणाली होती, सरांनी डोळ्यांसमोर दाखवलं. आता स्पष्ट दिसतं की मघाशी?"

"मघाशी," मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या काळ्या चकतीमागे ते पुसताही येत नव्हतं. मी तिला बाईंचं बोलणं सांगितलं. अर्ज तिने करायचा, माझ्याविरुद्ध, आणि मी नाकारणार नाही. कागद माझ्या खिशात आहे. तिचा निकाल बदलेल, पुन्हा प्रवेश घेता येईल. हे सांगताना मला हलकं वाटायला लागलं. मी माझी नोकरी तिच्यापुढे ठेवत होतो, आणि ती ठेवताना माझ्याविषयी मला जरा बरंही वाटत होतं. तिने ते ओळखलं असावं.

"म्हणजे मी तुमच्यावर लिहायचं आणि तुम्ही शिक्षा घेऊन मोकळे व्हायचं," ती म्हणाली. रागाने नाही. "वर्गात सांगितलंत का?"

"काय?"

"डबा चुकीचा आहे हे. आता जी मुलं बसतात त्यांना."

दुपारी मशीन बंद केलेलं तिला सांगावं की नाही याचा विचार करत राहिलो, आणि तेवढ्या गप्प राहण्यावरून तिला समजलं. नोकरी जाईल हे मी मघाशी किती सहज बोललो होतो. चौकशी, सही, अर्ज, हे सगळं बंद खोल्यांत होणारं, मोठ्या माणसांचं. पण त्या तीस पोरांपुढे उभं राहायचं, प्रश्नपत्रिकेकडे बघायचं आणि म्हणायचं की काल मशीन अडकलं नव्हतं, मी अडकलो होतो, चार वर्षं तुम्हाला आणि तुमच्या आधीच्यांना मी मला न समजलेलं शिकवत आलो; आणि मग त्यांनी हसायचं, किंवा न हसायचं. त्या चौकटीत डोकं धरलेलं असताना मला कळलं की मी कुठलीही शिक्षा घेईन पण हे टाळीन. हे टाळण्यासाठीच मी इथवर चालत आलो होतो.

"आधी ते सांगा," ती म्हणाली. "मग मी अर्ज देते. तुमच्यावर काय लिहायचं ते माझं मी लिहीन, या वेळी शब्द सांगू नका." पुढे मालकाचा फोन संपला होता, त्याने इकडे पाहिलं. तिने आवाज न बदलता विचारलं, "उद्या तास कितवा?"

"तिसरा."

"माझं दुकान अकराला उघडतं. येईन मी."

"ये," मी म्हणालो. "आत येऊन बस. मागची दोन बाकं रिकामी असतात."

तिने माझ्या नाकावरची चौकट काढली, काचा एकेक पुसून डबीत आपापल्या जागी ठेवल्या आणि माझा चष्मा माझ्या हातात दिला.

"नको, सर," ती म्हणाली. "दाराबाहेर सगळं ऐकू येतं."